वस्तू हातात घ्यावीशी वाटावी म्हणून

हस्तकलेच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाल्याचं कळवताना आयोजकांनी मापंही पाठवली: ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल जागा, मागे साधा पडदा, एक लांब टेबल, दोन खुर्च्या. दिव्यांची सोय ज्याची त्याने करायची. मी भरतकाम करते आणि हाताने शिवून वह्या बांधते. माझी मैत्रीण मातीची भांडी घडवते. स्टॉल दोघींचा मिळून होता. वस्तू तयार होत्या, पण मांडणीचं काम सगळंच बाकी होतं, आणि ते शेवटच्या दिवशी उरकायचं काम आहे असं आम्हा दोघींना कधीच वाटलं नाही. आठवडेच्या आठवडे खपून भरलेलं कापड गठ्ठ्यात खालून चौथ्या घडीला दबून राहिलं, तर त्यातला एकही टाका कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि जे नजरेस पडत नाही ते कुणी हातात कशाला घेईल?

तयारीला लागण्याआधी आम्ही दुसऱ्या एका प्रदर्शनाला गेलो आणि तिथे वस्तू बघण्याऐवजी बघणाऱ्यांकडे बघत उभ्या राहिलो. माणूस आपल्या नादात चालत येतो. तीन-चार मीटरवरून त्याची नजर स्टॉलवरून फिरते, आणि थांबायचं की पुढे जायचं ते तिथेच ठरतं. थांबला तर हातभर अंतरावर येतो, किंचित वाकतो, एका वस्तूवरून दुसरीवर नजर नेतो. मग त्यातली एखादी उचलतो. उचलली की त्याचा चेहराच बदलतो. ती वस्तू उलटीपालटी होते, तिच्या काठावरून अंगठा फिरतो. अशी ही तीन अंतरं. दुरून एकच ठळक गोष्ट कळावी, जवळ आल्यावर निवड करता यावी आणि हातात घेतल्यावर हे हाताचं काम आहे हे बोटांना कळावं. पुढचं सगळं आम्ही याच कसोटीवर घासून पाहिलं. एखादी फळी, दिवा किंवा पाटी हातात आली की पहिला प्रश्न हाच: ही कोणत्या अंतरासाठी?

गच्चीवर खडूने ३ बाय २ मीटरचा आयत आखला आणि त्यात घरचंच टेबल लावून बघितलं. बहुतेक स्टॉलवर टेबल पुढच्या कडेला आडवं असतं, मागे विक्रेता आणि पुढे गिऱ्हाईक. त्यात एक अडचण आहे. वाटेवर गर्दी झाली की टेबलाशी वाकलेल्या माणसाला मागून धक्के लागतात, आणि दोनदा धक्का लागला की तो हातातली वस्तू ठेवून पुढे सरकतो. म्हणून आम्ही टेबल डाव्या बाजूला आतपर्यंत सरळ लावलं, मागच्या पडद्यापुढे लोखंडी जाळीच्या दोन चौकटी उभ्या केल्या आणि उजवीकडे पुढे फक्त एक अरुंद घडवंची ठेवली. मधली जागा मोकळी सोडली. माणूस वाटेवरून बाजूला होऊन आत येऊ शकतो, शांतपणे उभा राहू शकतो. व्हीलचेअर सहज यावी म्हणून मोकळी वाट कुठेही ९० सेंटिमीटरपेक्षा कमी होऊ दिली नाही. यात वस्तू ठेवायची जागा बरीच गेली. मैत्रिणीला ते पटायला वेळ लागला, पण आयतात स्वतः उभी राहून, वाकून, वळून पाहिल्यावर तीच म्हणाली, “टेबल आता हलवू नकोस.”

मग उंचीकडे वळलो. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि उभ्या माणसाचे डोळे त्याच्या दुप्पट उंचीवर. म्हणजे टेबलावर नुसतं ठेवलेलं सगळं वरूनच दिसतं. वाडग्याला ते चालतं, कारण त्याची शोभा आतल्या बाजूला असते. पण उभट बरणीचं पोट, तिची मान, झिलईचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा, ओघळ जिथे थांबला ती कडा, हे वरून दिसतच नाही. म्हणून १५ आणि ३० सेंटिमीटर उंचीची लाकडी खोकी केली. बरण्या मागे, सर्वात उंच, पेले मध्ये, वाडगे पुढे, खाली. जाळीवर भरतकामाच्या चौकटी टांगताना प्रत्येकीचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं माप धरलं. चित्रं टांगताना कलादालनांतही हेच माप धरतात. लहान मुलं आणि बसून बघणारी माणसं यांची नजर त्याहून बरीच खाली असते, म्हणून घडवंचीवर मुद्दाम छोटे पेले आणि खिशात मावणाऱ्या वह्या ठेवल्या.

खोकी कापडाने मढवून टाकली. आधाराला ठेवलेल्या वस्तूने स्वतःकडे लक्ष वेधू नये असं माझं मत आहे. वाळलेली फुलं, शिंपले, लुकलुकत्या दिव्यांच्या माळा यांनी सजवलेले स्टॉल मी खूप बघितले आहेत. बघणाऱ्याची नजर आधी माळेवर जाते, मग शिंपल्यावर, आणि मूळ वस्तूपाशी पोचेपर्यंत ती थकलेली असते. आमच्या टेबलावर सजावटीचं म्हणून काहीही नव्हतं.

सर्वात जास्त वेळ गेला तो खालचं कापड ठरवण्यात, आणि तो गेला याचं मला समाधान आहे. मिशेल युजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. शोध घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रंगात खोट नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की तोच काळा डोळ्यांना फिका दिसतो. शेजारच्या रंगाने रंग कसा बदलतो याचे त्यांनी शोधलेले नियम १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्हाला ते टेबलावरच बघायला मिळाले. पांढऱ्याशुभ्र चादरीवर मातकट पेले मळकट वाटू लागले. काळ्या कापडावर माझे पिवळे-केशरी धागे झळाळून उठले, पण मैत्रिणीच्या गडद निळ्या बरण्या त्यात पार बुडाल्या. तपकिरी कापड टाकलं तर मातीच्या कडा, जिथे झिलई संपते आणि भाजलेली माती उघडी राहते, त्या दिसेनाशा झाल्या. आणि तिची सगळी कला त्या कडेत आहे. शेवटी न रंगवलेलं मांजरपाट निवडलं. त्याचा तो किंचित पिवळसर, कोरा रंग कुणाशीच भांडत नाही. पांढऱ्या झिलईचे पेले तेवढे त्यावर फिके पडत होते, त्यांच्याखाली राखाडी कापडाची एक पट्टी टाकली. मांजरपाट धुवून, खळ काढून, कडक इस्त्री करून घेतलं. पुढून आणि बाजूने ते जमिनीला टेकेल इतकं लांब ठेवलं, म्हणजे रिकामी खोकी आणि जादा माल टेबलाखाली झाकला जातो.

दिव्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण बहुतेक जण हॉलमधल्या उजेडावरच भागवतात. छतावरच्या नळ्यांचा उजेड सगळीकडून सारखा पडतो. सावली पडत नाही, आणि सावली नसली की पोत दिसत नाही. रात्री घरी एक चौकट भिंतीवर टांगून मी दिवा हातात धरून फिरवून पाहिला. त्या कापडावर गाठीचे टाके दाटीने भरले होते. दिवा समोर धरला तेव्हा ते नुसते रंगीत ठिपके वाटले, छापलेले असावेत असे. दिवा हळूहळू बाजूला नेला तशी प्रत्येक गाठीच्या एका अंगाला बारीकशी सावली पडली आणि ठिपका कापडावरून वर उचलला गेला. कुठे धागा दोन वेढ्यांचा आहे, कुठे तीन, तेही कळायला लागलं. जाळीवरच्या दिव्यांची जागा तिथल्या तिथे ठरली: वर, एका बाजूला, तिरके.

भांड्यांचं नेमकं उलट निघालं. झिलईवर तोच दिवा थेट पडला की एक पांढरा चट्टा उमटतो आणि रंग झाकून टाकतो. तिथे दिव्याच्या पुढे थोडं अंतर सोडून बटर पेपरचा पडदा लावला. उजेड पसरला, चट्टा विरला आणि हिरव्या झिलईतली खोली दिसू लागली.

दिवे विकत घेताना दोन आकडे बघितले. पहिला उजेडाच्या रंगाचा. आम्ही ३००० केल्विनचे उबदार दिवे घेतले. ६५०० चे निळसर पांढरे दिवे कापडाचा ऊबदारपणा मारून टाकतात. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. ते १०० पैकी असतं आणि रंगांच्या कामाला ९० च्या वर हवं. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल सर्वात आधी मरतो. कुंकवासारखा धागा विटकरी दिसला तर घेणारी घरी नेऊन दुसराच रंग बघणार. ५ वॅटचे चार एलईडी, म्हणजे २० वॅट. ८ तास चालवायचे तर १६० वॅट-तास. त्याहून बऱ्यापैकी मोठी बॅटरी घेतली की दिवसभराची चिंता मिटते. आणि दिवे कायम बघणाऱ्याच्या पुढे, वर. त्याच्या पाठीमागे असले तर तो वाकताच त्याचीच सावली वस्तूवर पडते.

यानंतर सगळ्या वस्तू टेबलावर काढल्या आणि जवळपास निम्म्या परत खोक्यात गेल्या. स्वतःच्या हातची वस्तू खोक्यात परत ठेवणं जिवावर येतं, पण प्रत्येक वस्तूभोवती तिच्या रुंदीच्या निदान अर्धी जागा रिकामी हवी, असं आम्ही ठरवलं होतं. आधी प्रकारानुसार लावून पाहिलं: वह्या एकीकडे, भांडी दुसरीकडे, कापड तिसरीकडे. दुरून तीन निरनिराळी दुकानं वाटत होती. मग रंगानुसार लावलं. निळी बरणी, तिच्या पायाशी निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही, वर जाळीवर निळ्या धाग्याचं काम. तसाच मातकट-केशरी गट, तसाच हिरवा. लगेच दुरून एक ठळक चित्र तयार झालं आणि दोघींचं काम एकमेकांच्या शेजारी शोभायलाही लागलं. गटात वस्तू तीन किंवा पाच, उंच-मध्यम-बुटकी अशा. जोड्या लावल्या की मांडणी ताठ दिसते.

फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहणं ही युक्ती मी सगळ्यांना सांगते. रंग काढून घेतले की उरतात फक्त उजळ आणि गडद भाग. आमच्या फोटोत टेबलाचा मधला भाग सगळा एकसारखा राखाडी आला. म्हणजे दुरून तिथे काहीच उठून दिसणार नव्हतं. एक गडद बरणी मध्ये आणली आणि तिच्या बाजूला पांढरा पेला ठेवला, तेवढ्याने काम झालं.

आता तिसरं अंतर, हातातलं. प्रदर्शनांतून “हात लावू नका” अशा पाट्या वाचून वाचून माणसांचे हात आपोआप मागे राहतात. आम्ही लिहिलं: “हातात घेऊन बघा.” नुसत्या पाटीने भागत नाही, वस्तूनेही बोलवायला हवं. पेल्यांचे कान बघणाऱ्याच्या उजव्या हाताशी येतील असे वळवले आणि एक-दोन डावखुऱ्यांसाठी उलटे. वह्यांपैकी एक मधोमध उघडी ठेवली, दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या घडीतला मेणावलेला दोरा दिसेल अशी, आणि शेजारी पेन. कागदावर शाई फुटते का हे ज्याचं त्याने लिहून बघावं. भरतकामाचा एक तुकडा चौकटीत न घालता मोकळा ठेवला. जाणकार बाई कापड हातात आलं की पहिल्यांदा उलटं करते. मागची बाजू खोटं बोलत नाही. धागा एका फुलावरून दुसऱ्यावर कसा नेला, गाठ कुठे लपवली, टोकं कशी बुजवली, सगळं तिथे असतं, आणि यंत्राच्या कामात दिसणारा खालचा दुसरा दोरा तिथे नसतो.

हात लावायला सांगायचं तर वस्तू पडू नयेत याची काळजीही आपणच घ्यायची. टेबलाच्या कडेपासून १० सेंटिमीटरच्या आत काहीही नाही. उंच बरण्यांच्या बुडाला मऊ मेणाच्या छोट्या गोळ्या, पण जिथे झिलई आहे तिथेच. उघड्या मातीला मेणाचा तेलकट डाग पडू शकतो, म्हणून तिथे नमदा. जाळीच्या चौकटी काटकोनात एकमेकींना बांधल्या, आणि पायाशी वाळूच्या पिशव्या.

किंमत प्रत्येक वस्तूवर लिहिली. किंमत विचारायला लोक संकोचतात आणि न विचारताच निघून जातात. मोठी पाटी एकच, दुरून वाचता येण्यासाठी. ३ मीटरवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण अडीच सेंटिमीटर उंच लागतं, आणि वर वेलांट्या, खाली उकार यांसाठी ओळींमध्ये सढळ जागा सोडावी लागते. शोभिवंत वळणदार अक्षर टाळलं. पाटीवर आमची नावं आणि “हाताने भरलेलं, हाताने घडवलेलं” एवढंच. वस्तूपाशी मात्र छोट्या चिठ्ठ्या: कापड कोणतं, धागा कोणता, पेला भट्टीत किती तापमानाला भाजला, त्यात गरम पेय चालेल का.

मांडायच्या दिवशी क्रम ठरलेला होता: आधी कापड, मग जाळी, मग दिवे, मग उंच वस्तू, बाकीच्या वस्तू, शेवटी चिठ्ठ्या. पिशवीत कात्री, सुतळी, चिमटे, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, मोजपट्टी, मऊ फडकं आणि छोटी इस्त्री. सगळं लावून झाल्यावर मी वाटेवर जाऊन उभी राहिले तर पांढरे पेले गुलाबी दिसत होते. शेजारच्या स्टॉलचा पडदा लालभडक होता आणि त्यावर पडलेला उजेड परतून आमच्या झिलईवर येत होता. उरलेलं मांजरपाट दोन स्टॉलच्या मध्ये ताणून बांधलं, पेले दुसऱ्या टोकाला नेले आणि त्यांच्या जागी केशरी गट ठेवला. त्या लालीत तो आणखीच खुलला.

लोक यायला लागल्यावर आम्ही दोघी टेबलामागे पहारा देत बसलो नाही. मी उंच स्टुलावर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला नजर मिळेल अशी, हातात अर्धवट भरलेलं कापड घेऊन बसले. सुई चालू दिसली की पाय थबकतात, आणि आपलं लक्ष कामात आहे म्हटल्यावर येणाऱ्याला दबून जायला होत नाही. त्याने काही उचललं की मगच बोलायचं, तेही त्याच वस्तूबद्दल. एक आजी त्या मोकळ्या तुकड्याची मागची बाजू बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “हे तू स्वतः केलंयस.” त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

दिवसभर मांडणी हलत राहिली. मागच्या फळीवर ठेवलेल्या लांबट थाळ्यांकडे सकाळी कुणी ढुंकून बघत नव्हतं. दुपारी त्यातली एक घडवंचीवर, कमरेच्या उंचीला आणली, तर जो तो तिच्यावरून हात फिरवायला लागला. वस्तू विकली गेली की पडलेली जागा लगेच टेबलाखालच्या वस्तूने भरण्यापेक्षा गटच नव्याने जुळवायचा. उंच बरणी गेली की तिच्या पायाशी असलेली वही एकटी पडते. तिला दुसरा सोबती द्यावा लागतो. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही चिठ्ठ्या सरळ केल्या, झिलईवरचे बोटांचे ठसे फडक्याने पुसले आणि कापडाच्या सुरकुत्या हाताने ताणून घेतल्या. एवढ्यानेही टेबल ताजं दिसतं.

आवरताना सगळं उलट्या क्रमाने निघालं. प्रत्येक खोक्याच्या झाकणात त्यात काय आणि कसं बसतं याचा फोटो चिकटवलेला होता, त्यामुळे अंधारातही भांडी आपापल्या कप्प्यांत गेली. चौकटीत नसलेलं भरतकाम घडी न घालता नळीवर गुंडाळलं, भरलेली बाजू बाहेर ठेवून, म्हणजे टाके दबत नाहीत. पुढच्या वेळी लोखंडी जाळी न्यायची नाही असं ठरलं आहे. ती जड आहे आणि तिचे चौकोन बारीक कामाच्या मागे डोकावतात. सुताराला १८० बाय ९० सेंटिमीटरच्या, बिजागरीने दुमडणाऱ्या लाकडी चौकटी करायला सांगितल्या आहेत. त्यावर मांजरपाट ताणून बसवायचं काम माझ्याकडे आहे.